दादा, तुझा तक्ता छापायचा म्हणतात

दादा,

तुला जाऊन आज पाच दिवस झाले आणि मला अजून नीट रडताही आलेलं नाही, कारण तुझा तक्ता मधे आलाय. जिवंत होतास तेव्हा तो माझ्या अमरावतीच्या मेसमध्ये भिंतीवर होता, आता तो अकोल्याच्या प्रेसमध्ये जाऊन बसलाय. तुझ्या शाळेतले इंगळे सर परवा घरी आले. वहिनींसमोर अर्धा तास मान खाली घालून बसले आणि उठताना म्हणाले, "सरायची आठवन कायम राहिली पायजे. आपन त्यायचा आहाराचा तक्ता छापू. रविवारी विहारात पुण्यानुमोदनाले जे येतीन त्यायले एकेक देऊ." वहिनींनी मान डोलावली. त्या वेळी कोणी काहीही विचारलं असतं तरी त्यांनी मान डोलावली असती.

तपासायचं काम माझ्याकडे आलं. सुमन मेस चालवते, तिला स्वयंपाकातलं कळतं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. तर तो कच्चा छापील कागद आता माझ्या मांडीवर आहे. वर तुझा तो शाळेच्या ओळखपत्रावरचा फोटो, ज्यात तू कोणावर तरी रागावल्यासारखा दिसतोस. खाली लाल, पिवळा आणि हिरवा असे तीन रकाने. मथळा असा, की 'ग्लायसेमिक इंडेक्सनुसार रोजचा आहार, सर्व निरोगी स्त्री-पुरुषांसाठी'. आणि तळाशी एक चौकट: 'याच आहाराने अमरावतीच्या मुली पोलीस भरतीत यशस्वी'. त्या चौकटीत दोन ओळींची जागा मोकळी ठेवलीय. तिथे रुबिनाचा अभिप्राय यायचाय. उद्या सकाळी दहापर्यंत प्रेसला होय की नाही ते कळवायचं आहे.

आज सकाळी रुबिनाचा फोन आला. तुला आठवते ना रुबिना, चांदूर बाजारची, जिचे अब्बा संत्र्याच्या पेट्या ठोकायचे? आता अकोल्यातच पोलीस आहे. ती म्हणाली, "मौशी, इंगळे सर दोन ओळी मागून राहिले. सरच्या तक्त्यानं पास झाली असं लिहून दे म्हनते. मी काय लिहू?" ती पुढे म्हणाली, "मौशी, मी पोलीसवाली आहे. लेखी खोटं देऊ का?"

तू असतास तर विचारलं असतंस, खोटं कसं काय. म्हणून आज हे सगळं तुला सांगायला बसले आहे. आठ वर्षं पोटात ठेवलं. तुला तोंडावर सांगण्याची हिंमत झाली नाही आणि आता तू असा गेलास की सांगायला तोंडच उरलं नाही.

आधी मला तुझ्यावर चिडू दे. शेवटी दवाखान्यात तुझा रिपोर्ट आला, तेव्हा डॉक्टर वहिनींना म्हणाले, साखर अगदी उत्तम होती. हृदय बंद पडलं पण साखर उत्तम. मला त्या कागदाचा बोळा करून खिडकीतून फेकावासा वाटला. तुला एकसष्टावं लागलं नव्हतं. पानात कधी बटाटा घेतला नाहीस, चहात साखर घातली नाहीस, आंब्याच्या दिवसांत आंब्याकडे पाहून मान फिरवायचास. काय मिळालं रे?

पण तू हे कुठून शिकलास ते मी विसरलेले नाही. माय. तिची साखर कळली तेव्हा उशीर झाला होता. आधी अंगठा गेला, मग गुडघ्यापर्यंत पाय गेला. तू तिला पाठीवर घेऊन मोरीपर्यंत न्यायचास. मी अमरावतीत संसारात अडकलेली, महिन्यातून एकदा यायचे, दोन दिवस रडायचे आणि परत जायचे. करायचं ते तू केलंस. माय गेल्यावर वर्षभरानं तू तुझ्या एका सहकाऱ्याबरोबर मधुमेहाच्या शिबिराला गेलास, त्याला सोबत म्हणून. तिथल्या डॉक्टरनं साखरवाल्या लोकांना एक झेरॉक्स कागद वाटला. तो त्यांच्यासाठी होता, दादा. तुझ्यासाठी नव्हताच. पण तू एक मागून घेतलास आणि घरी येईपर्यंत तो अख्ख्या वऱ्हाडासाठी झाला होता.

तूच मला तो समजावून सांगितला होतास, अमरावतीच्या एसटी स्टँडवर, बिनसाखरेचा चहा पिता पिता. माणसाला रिकाम्या पोटी एकच पदार्थ मोजून खाऊ घालायचा आणि रक्तातली साखर किती झपाट्यानं चढते ते पाहायचं. झपाट्यानं चढली तर आकडा मोठा, म्हणजे लाल. हळूहळू चढली तर आकडा लहान, म्हणजे हिरवा. मी म्हटलं, "अन् नुसता भात खाते कोन? भातावर वरन असते, वरनावर तेल असते, बाजूले भाजी असते. तुह्या कागदात तर भात एकटाच बसला आहे."

तू म्हणालास, "शास्त्रात एका टायमाले एकच गोष्ट मोजतात, सुमे."

"मंग जेवताना बी एका टायमाले एकच वाढू का?"

तू हसला नाहीस. शास्त्राच्या मास्तरला चेष्टा केलेली चालत नाही. स्टँडवरची ती बस सुटली तरी आपलं भांडण सुटलं नाही. तू खिडकीतून हात बाहेर काढून मला बोट दाखवत राहिलास.

तो कागद परदेशातला होता. त्यात कसले कसले पाव होते, शेवयांसारखं काही तरी होतं, नावं वाचताना जीभ वळायची नाही. भाकरी नव्हती. कण्या नव्हत्या. अंबाडीची भाजी नव्हती, झुणका नव्हता, रोडगे नव्हते. मग तू काय केलंस? ड्रॉइंगचा मोठा कागद आणलास, रंगीत खडू घेतलेस आणि जे नव्हतं ते स्वतःच्या अंदाजानं बसवलंस. ज्वारीची भाकरी हिरव्यात. का? मी विचारलं तर म्हणालास, "आपन तिच्यावरच मोठे झालो ना." दादा, हे शास्त्र नव्हे, ही माया आहे. मायेनं बसवलेला आकडा कोणी तपासत नाही, म्हणून तर तो जास्त टिकतो. पुढे तुझ्या शाळेतली मुलंसुद्धा तो पाठ करायला लागली.

आणि ज्वारी तरी कुठे राहिली होती? त्या वर्षांत चहूकडे कापूस आणि सोयाबीन. बार्शीटाकळीपासून चांदूर बाजारपर्यंत पाहा, लोकांनी ज्वारी पेरणं सोडलं होतं. बाजारात तिचा भाव विचारून बाया पुढे सरकायच्या. रेशनला गहू आणि तांदूळ. म्हणजे रेशनला मिळायचं ते लाल, मिळायचं नाही ते हिरवं. मी तुला हे बोलले तेव्हा तू तीन दिवस फोन केला नाहीस. चौथ्या दिवशी बाळापूरकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून ज्वारीचं पोतं घेऊन, एसटीच्या टपावर टाकून, स्वतः माझ्या दारात हजर. हमालाला हात लावू दिला नाहीस. उत्तर द्यायचं नाही आणि पोतं आणून टाकायचं, अशी तुझी वाद घालायची पद्धत.

मूर्तिजापूरच्या लग्नातलं तर मी अजून लोकांना सांगते. पंगतीत भात आला, तू ताटावर हात आडवा धरलास. टरबुजाची फोड आली, परत पाठवलीस. गाजराची कोशिंबीर बाजूला सारलीस, कारण तुझ्या कागदात गाजरही लाल होतं. आणि आइस्क्रीम दोनदा घेतलंस. मी पाहतच राहिले. तू शांतपणे म्हणालास, "याचा इंडेक्स कमी आहे." ज्या कागदावर टरबूज गुन्हेगार आणि आइस्क्रीम साव, तो कागद कोणासाठी आहे हे तुला तरी कळायला नको होतं का?

नंतर एकदा तुझ्या टेबलाच्या खणात मला ती मूळ झेरॉक्स सापडली. त्यात उकडलेल्या बटाट्याचा आकडा मोठा आणि तळलेल्या वेफरचा त्याहून लहान. तेलात तळलं की साखर हळू चढते म्हणे. तुझ्या तक्त्यात वेफर नव्हतेच. तू ते गाळले होतेस. मी पकडल्यावर तू चाचरलास. "लोक भलता अर्थ काढतीन, सुमे." म्हणजे भलता अर्थ निघू शकतो हे तुला ठाऊक होतं. तरी तू म्हणत राहिलास, साखर होऊ नये म्हणून आधीच सांभाळायचं. साखरवाल्याला त्या कागदाचा उपयोग आहे, हे मी कधी नाकारलं नाही. मायला तो वेळेत मिळाला असता तर, हेही माझ्या मनात येऊन गेलं. पण ज्याला काही झालेलं नाही, जो दिवसभर राबतो, उन्हात फिरतो, त्याच्या ताटातून भात आणि गूळ काढून घ्यायचे म्हणजे पडसं व्हायच्या आधीच नाक दाबून धरण्यासारखं आहे. हे मी तुला बोलले होते. तू म्हणालास, तुला शास्त्र कळत नाही.

आता मेसचं.

माझे हे गेल्यावर मला मेस तूच काढून दिलीस. जागा तू पाहिलीस, घरमालकाशी तू बोललास, दोन मोठी पातेली अकोल्याहून एसटीत मांडीवर घेऊन आलास. दर शनिवारी अर्धी शाळा सुटली की तू अमरावतीची बस धरायचास, संध्याकाळी माझ्याकडे जेवायचास, रविवारी सकाळी परत जायचास. इतक्या वर्षांत एक शनिवार चुकवला असशील नसशील. लोक म्हणायचे, सुमनबाईचा भाऊ म्हणजे भाऊ. मी म्हणायचे, हो. मनात म्हणायचे, फक्त जेवणात बोलू नये.

पोरी खेड्यांतून यायच्या. त्या वर्षांत शेतीत काही राहिलं नव्हतं. ज्यांना जमलं त्यांनी पोरींना भरतीच्या तयारीला अमरावतीत आणून सोडलं. चार जणींत एक खोली, पहाटे मैदानावर धाव, दिवसभर अभ्यास आणि दोन वेळा माझ्याकडे जेवण. धडधाकट पोरी. एकीलाही साखर नाही, एकीच्याही अंगावर फाजील मांस नाही. उलट हाडं दिसायची. अशा पोरींसाठी तू तक्ता आणलास आणि माझ्या भिंतीवर चार खिळे ठोकलेस.

पोरी तुला सर म्हणायच्या. सर म्हणाले म्हणजे संपलं. भात बंद, आलू बंद, गूळ बंद, केळं बंद. सकाळी भिजवलेले हरभरे, दोन्ही वेळा भाकरी आणि उसळ. पहिले आठ दिवस काही कळलं नाही. तिसऱ्या आठवड्यात रुबिना मैदानावरून आली आणि माझ्या पायरीवर बसून राहिली. म्हणाली, "मौशी, शेवटच्या चक्कराले पाय उचलतच नाही. दम नाही संपत, पाय संपते."

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत मैदानावर गेले. फौजेतून निवृत्त झालेले एक उस्ताद पोरींना पळवायचे. रुबिना शेवटच्या वळणावर अशी झाली की जणू कोणी मागून धरलंय. उस्ताद माझ्याकडे आले. "मॅडम, खाना आप देते हो?" मी हो म्हटलं. "क्या देते हो?" मी सांगितलं. ते म्हणाले, "ये दौडनेवाली लडकी है. इसको जल्दी चढनेवाली चीजही चाहिये. किसने मना किया?" मी तुझं नाव घेतलं नाही. मी म्हटलं, माझंच चुकलं.

त्या दिवसापासून मी चोर झाले. पहाटे पोरी निघायच्या आधी प्रत्येकीच्या हातावर गुळाचा खडा आणि एक केळं. मैदानावरून आल्या की गरम भात, वरण, आलूची भाजी. उसळ आणि भाकरीही होतीच, ती काही वाईट नव्हती. आठवड्याचे सहा दिवस असं. शनिवारी दुपारनंतर भाताचं पातेलं शेजारच्या काकूंकडे जायचं, आलू गोणीखाली जायचे, केळ्यांचा घड कपाटात. पोरी त्याला इन्स्पेक्शनचा दिवस म्हणायच्या. तू जेवायला बसायचास, पोरी गंभीर चेहऱ्यानं हरभरे चावायच्या आणि तू त्यांना सांगायचास की बघा, अंगात कशी ताकद आली. एकदा तुला दाराशी आलूची साल दिसली. मी म्हटलं, शेजारीण इथे बसून सोलत होती. तू विश्वास ठेवलास. तुझ्याशी खोटं बोलणं किती सोपं होतं, दादा, आणि त्याचाच मला आता सगळ्यांत जास्त त्रास होतो.

पुढे दीड महिन्यानं भरती झाली. रुबिना पास झाली, आणखी दोघी झाल्या. तू शनिवारची वाट न पाहता आलास. लोक पेढे आणतात, तू फुटाणे आणलेस, कागदाच्या पुड्यांत. पोरींना एकेक पुडा दिलास. मग स्वयंपाकघरात आलास. मी ठरवलं होतं की आता सांगायचं. हसत सांगायचं, तुझी फजिती करायची. तू ओट्याला टेकून उभा राहिलास आणि म्हणालास, "पायलं, सुमे? मायच्या टायमाले आपल्याले हे माहीत असतं तर." आणि तू रडलास. माय गेली त्या दिवशीही तू असा रडला नव्हतास. मी तुला पाणी दिलं. सांगायचं ते गिळलं.

चांगुलपणानं गिळलं असं मी आज म्हणू शकत नाही. थोडी माया होती, थोडी भीती होती. मेस तू काढून दिलेली, तू रुसलास तर शनिवार जाईल, याची भीती. आणि खरं सांगू, तुला हरवायची एवढी चांगली संधी पुढच्या भांडणासाठी राखून ठेवावी असंही वाटलं. पुढचं भांडण कधी झालंच नाही. कारण तू आता वाद घालत नव्हतास, तू दाखले देत होतास. शाळाशाळांतून गेलास, पालक सभेत बोललास, बाळापूरला, बार्शीटाकळीला. प्रत्येक ठिकाणी अमरावतीच्या पोरी. तुझा तक्ता मी खरा केला, दादा. तोवर तो फक्त एका मास्तरचा छंद होता.

आणि वहिनी.

वहिनी भंडाऱ्याकडच्या. त्यांच्याकडे जेवलास का असं विचारायचं तर भात खाल्ला का असं विचारतात. लग्न होऊन अकोल्याला आल्या तेव्हा भाकरी थापता यायची नाही, माय त्यांना चिडवायची. तू तक्ता काढलास तेव्हा वर्षभर त्यांनी तुला दाद दिली नाही. मला आठवतं, त्या म्हणायच्या, "मले काय झालं? मी काहून सोडू?" बरोबर बोलत होत्या. मग रुबिना पास झाली. तू घरी जाऊन सांगितलंस. आणि वहिनींनी भात सोडला. पुढच्या उन्हाळ्यात मी अकोल्याला आले तेव्हा त्या मला स्वतः म्हणाल्या, "पोरी धावून धावून पोलीस झाल्या, मले तर घरातल्या घरात फिराचं आहे. ह्यायचं खरंच असन." मी समोर बसले होते. माझ्या ताटात भाकरी होती. मी भाकरी मोडली आणि गप्प बसले. आठ वर्षं त्या माहेरी जाऊनसुद्धा पोळी मागत होत्या. भावजया हसायच्या म्हणे.

रुबिनाचा फोन ठेवला आणि मला वाटलं, तिला सांगावं, लिही दोन ओळी, मेलेल्या माणसाचं मन राख. प्रेसमधून पाचशे कागद निघायचे होते. पाचशे घरांत तुझा तो रागावलेला चेहरा आणि खाली माझं खोटं. कोणाच्या तरी घरात भाताची सवय असलेली बाई, कोणाच्या तरी घरात धावणारी पोरगी. मी तिला म्हटलं, थांब, संध्याकाळी सांगते.

दुपारी भेटायला आलेले लोक गेले. वहिनी खाटेवर बसल्या होत्या. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. उस्ताद, गूळ, केळी, शेजारच्या काकूंकडचं पातेलं. त्यांनी विचारलं, "तुमाले कधीपासून माहीत होतं?"

मी म्हटलं, "पहिल्या दिवसापासून."

मला वाटलं तुझ्यावर चिडतील. तुझ्यावर नाही चिडल्या. म्हणाल्या, "तुमी दोघं भाऊ-बहीन. एकानं सांगतलं, एकीनं लपवलं. भात मात्र मी सोडला."

मी म्हटलं, "वहिनी, त्याले सांगतलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं. तुमाले माहीत आहे तो कसा होता."

"ऐकले असते," वहिनी म्हणाल्या. "माझं नसते ऐकले. तुमचं ऐकत होते. दर रविवारी घरी आले की सांगाचे, सुमी असं म्हनते, सुमी तसं म्हनते. भात एकटा बसला आहे म्हनते. दोन दोन दिवस त्याच्यावर वही घेऊन बसाचे. एकदा मले म्हनाले, तिचं म्हननं खोडता येत नाही, पन पोरी पास झाल्या त्याचं काय करू."

दादा, हे तू मला का सांगितलं नाहीस? मला वाटायचं माझं बोलणं तुझ्या कानावरून जातं. तू स्टँडवर बोट दाखवत बसायचास आणि घरी जाऊन वहीत माझं बोलणं लिहायचास, असा कसला रे भाऊ. एकदा म्हणाला असतास, सुमे, तुझ्या म्हणण्यात काही तरी आहे. मी तिथल्या तिथे, मेसच्या पायरीवर, सगळं सांगून टाकलं असतं. तुझा अहंकार आणि माझा भित्रेपणा, दोघांनी मिळून एका बाईचा भात बंद केला आणि वर तुझा तक्ता पाचशे घरांत पाठवायला निघालो होतो.

वहिनी उठल्या. तोंड धुऊन आल्या. म्हणाल्या, "तक्ता नोका छापू. साखरवाल्यायसाठी आहे असं लिहून बी नोका छापू, त्यातले अर्धे आकडे त्यायनं मनानंच टाकले, मले माहीत आहे. पन लोकायले काय झालं ते सांगा. तुमीच सांगा, रविवारी, विहारात. त्यायचं नाव खराब नाही होत. मास्तर होते, चुकले तर दुरुस्त केलं असतं त्यायनं." मग त्या स्वयंपाकघरात गेल्या. मी मागे गेले नाही. मला जायचा अधिकार नव्हता.

मी इंगळे सरांना फोन केला. ते आधी नाराज झाले, मग म्हणाले, सरांना हे पटलं असतं का? मी म्हटलं, माहीत नाही, पण वाद नक्की घातला असता. रुबिनाला सांगितलं की काही लिहू नको, रविवारी ये. ती म्हणाली, "मी बी बोलतो मौशी. सरनं मले फुटाने देल्ले होते, ते मी ठेवले होते किती तरी दिवस." आणि तिनं फोन ठेवला.

तर रविवारी वंदना झाल्यावर मी उभी राहणार आहे. मला चार माणसांत बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. मी सांगणार आहे की माझ्या दादानं मायचा पाय जाताना पाहिला आणि कोणाचाच जाऊ नये म्हणून धडपडला, त्या धडपडीत रोग्याचं पथ्य निरोग्याला लावून बसला. आणि ते चुकलं होतं, हे दाखवणारं सगळं माझ्याकडे होतं. तू शास्त्राचा मास्तर. पोरी पास झाल्या त्याचं काय करू, असं विचारत वही घेऊन बसला होतास. उत्तर माझ्या चुलीवर होतं, दादा. आठवड्याचे सहा दिवस ते मी पोरींच्या हातावर ठेवत होते, आणि सातव्या दिवशी, तू येणार म्हणून, लपवत होते.